सहा कपड्यांची काच

तिचं काम काचेत. मोठ्या रस्त्यावरच्या दुमजली कपड्यांच्या दुकानाची दर्शनी काच सजवायची, पुतळ्यांना कपडे घालायचे, उतरवायचे, पुन्हा दुसरे घालायचे. वीसेक वर्षं ती हेच करत आली होती, त्यामुळे सगळा रस्ता तिला काचताई म्हणायचा. तोंडात टाचण्या, अंगावर खिशाखिशांचा काळा एप्रन, पायांत नुसते मोजे, कारण त्या पांढऱ्या चौथऱ्यावर चपलेचा एक डागही चालत नसे, आणि काखेत एखाद्या पुतळीचा सुटा हात. समोरच्या चष्म्याच्या दुकानातले काका म्हणायचे, "काचताई, तुम्ही असा कुणाचा हात काखोटीला मारून हिंडायला लागलात की माझं गिऱ्हाईक चष्मा न घेताच पळतं बघा."

लग्न तिने केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "दिवसभर ह्या बायांना नटवायचं आणि घरी जाऊन आणखी एकाच्या शर्टाला इस्त्री करायची? नको रे बाबा." थोरला भाऊ, दादा, त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचा. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो शहराबाहेरच्या कचरा डेपोवर बुलडोझर चालवायचा. संध्याकाळचं जेवण बहिणीकडे आणि जेवायच्या आधी साबण लावून आंघोळ, हा तिने घालून दिलेला नियम त्याने कधी मोडला नव्हता.

दर सोमवारी काच बदलायची. पडदा ओढायचा, जुनं उतरवायचं, नवं चढवायचं, पडदा उघडायचा. उतरलेलं कुठे जातं ह्याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. ते आधी सवलतीच्या रॅकवर जायचं, आणि तिथूनही उरलं की मागच्या दाराने गोण्यांत. गोण्या एक कंत्राटदार घेऊन जायचा. गरजू लोकांना वाटतो, असं तो मालकीणबाईंना सांगायचा. मालकीणबाईंनाही ते ऐकून बरं वाटायचं.

एका संध्याकाळी दादा आंघोळ न करताच वर आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"आधी न्हाणीघर," ती म्हणाली.

"जातो. हे बघ आधी. तुमचंच ना?"

कागदातून पिस्ता रंगाचा कोट निघाला. किमतीचं लेबल काखेत लोंबत होतं. काचताईने तो उलटा केला. पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधे बारीक भोकांची रांग होती, आणि खालच्या दुमडीत निळ्या डोक्याची एक टाचणी अजून अडकलेली होती. पुतळीला कपडा पुढून नीट बसावा म्हणून ती तो पाठीमागे ओढून टाचायची. भोकं तिचीच होती. टाचणीही तिचीच.

"कुठे सापडला?"

"कुठे म्हणजे? कामावर."

"पडला असेल एखादा गोणीतून."

दादा हसला. टोचून नाही, लहान बहिणीला हसतात तसा. तो तिला अजून चिमेच म्हणायचा. "एखादा म्हणे! चिमे, सुट्टीच्या दिवशी चल माझ्याबरोबर. सांगून नाही कळायचं."

डेपो तिने लांबून पाहिलेला होता. बसच्या खिडकीतून एक करडी टेकडी दिसायची आणि नाकाला रुमाल लावायची वेळ यायची, एवढंच. पण दादाने तिला त्या बाजूला नेलंच नाही. कुंपणाला वळसा घालून, एक मोडका वजनकाटा ओलांडून तो तिला पार मागे घेऊन गेला.

"इथे नुसतं कापड टाकतात," तो म्हणाला. "लांबलांबून येतं. नुसतं आपल्या शहराचं नव्हे."

तिने मान वर केली. मग आणखी वर केली. शेवटी एक हात मागे टेकायला तिला दादाचा खांदा शोधावा लागला. वर टोकाशी पक्षी घिरट्या घालत होते आणि ते माश्यांएवढे दिसत होते. तिथून खाली तिच्या पायांपर्यंत बाह्या, पायघोळ झगे, गळे, पट्टे, झालरी. वारा आला की त्या सगळ्या बाह्या एकदम उठायच्या आणि वारा पडला की एकदम निजायच्या. आवाज पानांचा नव्हता, पाण्याचाही नव्हता. लांबवर एखादी शाळा सुटावी तसा काहीतरी होता तो.

"पहिल्या दिवशी ना," दादा म्हणाला, "मला वाटलं माणसं पडलीयत. खरंच सांगतो. मशीन बंद करून खाली उतरलो, एक बाही धरून ओढली, नुसतीच हातात आली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला."

दादाने तिला दंडाला धरून डोंगराच्या पलीकडच्या अंगाला नेलं. तिथे ट्रकांसाठी नवा रस्ता काढताना त्याने डोंगराचा एक कडा सरळ उभा कापला होता. तो कडा पाहिला आणि काचताई जागीच थांबली. कड्यावर थर होते. एकावर एक, आडवे, रंगीत, दाबून दाबून चपटे झालेले.

"तो मोहरीचा रंग," तिच्या तोंडून निघालं.

"कुठला?"

"तो बघ. माझ्या डोक्याच्या वर. त्या वर्षी सगळं मोहरी रंगाचं आलं होतं. मोज्यांपासून टोपीपर्यंत. मी काचेत कागदाचे सूर्य लावले होते." तिचं बोट खाली सरकलं. "ही मोठी मोठी फुलं त्याच्या आदल्या वर्षाची. हे फाटक्या गुडघ्यांच्या पँटींचं वर्ष. मी हाताने फाडून लावलेल्या आहेत त्या. हा चंदेरी. दादा, हा चंदेरी मी लावला तेव्हा रस्त्यावर गर्दी झाली होती."

ती कड्याला लागून चालत राहिली आणि वाचत राहिली. प्लास्टिकच्या धाग्याचे ते रंग जराही उतरलेले नव्हते. जे जे तिने पडद्याआड चढवलं आणि उतरवलं, ते ते सगळं इथे क्रमाने मांडून ठेवलेलं होतं. अगदी तळाशी ती वाकली. तिच्या पहिल्या वर्षाच्या खाली एक तपकिरी, मऊ थर होता, मातीच होत आलेला. सूत असेल, लोकर असेल.

"हा कधीचा?"

"आपण दोघं जन्मायच्या आधीपासूनचा. डेपो सुरू झाला तेव्हापासून तू कामाला लागलीस तोवरचा."

तो सगळा थर तिच्या गुडघ्याएवढा होता. बाकी वर आभाळापर्यंत जे होतं ते तिच्या वीस वर्षांचं होतं.

तिने कड्यात हात घातला आणि झटकन मागे घेतला. आत ऊब होती. दादा म्हणाला, "धुमसतं आतल्या आत. कितीही पाणी मारा, विझत नाही."

तिला आधी लाजही वाटली नाही, रागही आला नाही. समुद्र पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलासारखी ती नुसती आ वासून बघत राहिली. एवढं मोठं काही आपण माणसांनी केलंय, आणि ते बटणं लावत लावत, गळे नीट करत करत, कुणाच्या लक्षातही न येता केलंय, हेच तिच्या डोक्यात मावेना.

परतताना तिने विचारलं, "एवढं सगळं घातलं लोकांनी?"

"घातलं कुठे? निम्म्यांची लेबलंसुद्धा निघालेली नसतात."

"मग घेतात कशाला?"

"ते मला काय विचारतेस? काचेत तू उभी असतेस." दादा गमतीनेच बोलला होता. पण घर येईपर्यंत ती बसच्या खिडकीबाहेर बघत बसली, आणि त्यालाही मग शिट्टी वाजवावीशी वाटली नाही.

सोमवार उजाडला तेव्हा दुकानात निराळीच चिंता होती. नवा माल घेऊन येणारं जहाज बंदराबाहेर अडकून पडलं होतं. आज येईल, उद्या येईल, काही सांगता येत नव्हतं. मालकीणबाई गल्ल्यामागे बसून चष्म्याची साखळी बोटाला गुंडाळत होत्या. साठीच्या बाई, वडिलांचं दुकान त्यांनी एकटीने दुमजली केलेलं. काचताईने पिस्ता कोट त्यांच्यापुढे ठेवला आणि जे पाहिलं ते सांगितलं. रंग सांगितले, ऊब सांगितली, गुडघ्याएवढा थर सांगितला.

साखळीचा पीळ सुटला. "तो माणूस तर म्हणाला होता की..."

"तुम्ही विचारलं नाहीत. मीही नाही विचारलं."

मग काचताई म्हणाली, "बाई, ह्या खेपेला काच मी माझ्या मनाने लावू?"

"दर खेपेला तुमच्याच मनाने लावता की."

"तसं नाही. नवं काही मागणार नाही. आहे त्यातले सहा कपडे घेते. माल येईपर्यंत तेच ठेवते."

"रोज तेच बघायला लोक काय खुळे आहेत?"

"तेच नाही दिसणार."

"म्हणजे?"

"ते मलाही अजून नीटसं माहीत नाही," काचताई म्हणाली, आणि हे खरंच होतं.

मालकीणबाईंनी रिकाम्या रॅककडे पाहिलं. दुसरा इलाज नव्हता. "करा," त्या म्हणाल्या. "पण लोक हसले तर पडदा ओढून घ्यायचा."

सवलतीच्या रॅकवरून तिने सहा कपडे निवडले: पांढरा सुती शर्ट, गडद निळी पँट, विटकरी रंगाचा घेरदार स्कर्ट, बिनबाह्यांचा काळा झगा, पुढून बटणं असलेला शेवाळी स्वेटर आणि एक लांबरुंद राखाडी स्टोल. बाकीच्या पुतळ्या तिने गोदामात नेऊन भिंतीशी तोंड करून उभ्या केल्या. कागदी फुलं काढली, दिव्यांच्या माळा काढल्या. चौथऱ्यावर एकच पुतळी राहिली. पडदा तिने ओढलाच नाही. सकाळी दुकान उघडताना, जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत तिने पुतळीला शर्ट आणि पँट घातली आणि उरलेले चार कपडे बाजूच्या खुंट्यांवर टांगले, म्हणजे कुणाला वाटू नये की आणखी कुठे काही लपवलंय.

पहिल्या दिवशी कुणी थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने पँट उतरवली आणि शर्टावर काळा झगा घातला. तिसऱ्या दिवशी झगा तसाच ठेवला, शर्ट त्याच्यावर जाकिटासारखा उघडा घातला. काउंटरवरची पोरगी, तोंडाने फटकळ, नाक मुरडून म्हणाली, "काचताई, आपलं दुकान निघालंय की काय विकायला? बाहेर बायका विचारतायत."

"काय विचारतायत?"

"की ह्यांच्याकडे कपडेच संपले का."

"मग सांग, संपतायत का ते बघतोय."

तिच्या अंदाजाने हे सहा कपडे फार तर आठवडाभर पुरले असते. आठवडा सरला आणि तिच्या लक्षात आलं की आपण अजून स्वेटरला हातही लावलेला नाही. तिने स्वेटर काढला, बटणं पाठीला येतील असा उलटा घातला, आणि पुढून तो अगदी वेगळाच, बंद गळ्याचा, साधा सुंदर कपडा झाला. ती स्वतःच दोन पावलं मागे सरली आणि काचेवर आपटली. बाहेर चष्मेवाले काका उभे होते.

"नवा माल आला वाटतं!" ते काचेतून ओरडले.

तिने मान हलवली आणि पुतळी गर्रकन फिरवून त्यांना पाठीची बटणं दाखवली. काकांनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

तिथून ते सुरू झालं. विटकरी स्कर्ट कमरेवर होता तो छातीपर्यंत वर गेला, त्यावर स्टोलचा पट्टा बसला आणि त्याचा झगा झाला. झग्यावर स्वेटर चढला की झग्याचा स्कर्ट झाला. शर्टाच्या बाह्या कमरेला बांधल्या की शर्टाचा पडदा झाला. पँटवर झगा, त्यावर शर्ट, त्यावर स्टोल. रोज सकाळी तिला वाटायचं, आज शेवटचं, उद्या काही सुचायचं नाही. आणि रोज एकाच्या जागी दोन प्रकार सुचायचे. बसमध्ये तिचे हात आपोआप हवेत हलायचे, कुठे दुमडायचे, कुठे गाठ मारायचे. शेजारचा माणूस हळूच सरकून बसायचा. तिला मनातून जरा भीतीच वाटायला लागली होती. वीस वर्षं ती दर सोमवारी नवीन मागत आली, आणि इथे सहा कपडे तळ लागू देत नव्हते. आडातून पाणी शेंदावं आणि पाण्याची पातळी तसूभरही खाली जाऊ नये, तसं.

एव्हाना सकाळी काचेपुढे माणसं थांबू लागली. बँकेचा पहारेकरी, शाळेला उशीर झालेली पोरं, कोपऱ्यावरच्या इस्पितळातून रात्रपाळी संपवून येणारी नर्सबाई. बसवाले स्टॉप नसताना गाडी हळू करायचे. बाहेर वाद रंगायचे.

"हा झगा काल नव्हता!"

"होता हो, शर्टाच्या आत होता."

"अहो काय सांगता, काल तर स्कर्ट होता."

"तोच तो! खुंटीवर मोजा की. सहाच्या वर गेले तर माझं नाव बदला."

काउंटरवरची पोरगीही आता काउंटर सोडून बाहेर गर्दीत उभी राहायची आणि आतून मालकीणबाईंनी हाक मारली की म्हणायची, "आले आले, एवढं बघून येते."

आणि मग एक दिवस जहाज लागलं. मालाचे ट्रक दुसऱ्या सकाळी येणार होते. मालकीणबाईंनी काचताईला बोलावलं. "कौतुक आहे तुमचं," त्या म्हणाल्या, "पण लोक बघतात आणि निघून जातात. आत येत नाहीत. एवढा माल मी कुठे घालू? उद्या सकाळी शेवटचं दाखवा आणि पडदा ओढा."

काचताई बरं म्हणाली. घरी दादाला तिने सांगितलं की उद्या शेवटचा दिवस. तो जेवता जेवता म्हणाला, "मी अजून बघितलंच नाही."

"तुला काय बघायचंय कपड्यांत? कंटाळला नाहीस?"

"येतो," एवढंच म्हणाला.

सकाळी काचेसमोर रोजच्यापेक्षा जास्त गर्दी होती, कारण पोरगीने आदल्या दिवशी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ट्रकही तेव्हाच आले. हमाल खोकी आत आणायला लागले. पुढच्या हमालाला समोरचं दिसत नव्हतं. खोक्याचा कोपरा चौथऱ्याला लागला, चौथरा हादरला आणि पुतळी काचेकडे झुकली, तशीच खाली आली. धाड! मानेपाशी तुकडे झाले. एक हात रस्त्याकडे घरंगळला आणि काचेला टेकून थांबला.

गोदामातून दुसरी पुतळी आणायची तर मधे खोक्यांची भिंत उभी होती.

काचताई तुकड्यांकडे बघत उभी राहिली. मग तिने तोंडातल्या टाचण्या काढून एप्रनच्या खिशात ठेवल्या, आणि एप्रन काढून खुंटीवर टांगला. आत तिने नेहमीचा पूर्ण बाह्यांचा काळा बनियन आणि काळी तुमान घातलेली होती. पन्नाशीची, बुटकी, कमरेला सुटलेली बाई. रस्त्याने तिला कधी एप्रनशिवाय पाहिलं नव्हतं. तिने पांढरा शर्ट उचलला आणि अंगात घातला.

बाह्या लांब होत्या. त्या तिने दुमडल्या, कोपरापर्यंत, आणि दुमडताना शर्ट बदलला. पुतळीचे हात कधी कोपरात वाकलेच नव्हते. तिने झगा चढवला, तो पुतळीच्या गुडघ्यापर्यंत यायचा, तिच्या घोट्यांपर्यंत आला. ती बसली, उठली, खाली पडलेला हात उचलायला वाकली, आणि प्रत्येक हालचालीबरोबर कापडाने नवीनच काहीतरी केलं. स्कर्ट वर ओढला, स्टोल बांधला, सोडला. स्वेटर सुलटा, स्वेटर उलटा, स्वेटर नुसता गळ्यात बाह्यांची गाठ मारून. जे जे तिने आजवर पुतळीवर लावलं होतं ते तिच्या अंगावर निराळं दिसत होतं, म्हणजे पहिल्यापासून पुन्हा सुरुवात होती! हे लक्षात आल्यावर ती गर्दी विसरली. तिला समोरच्या काचेत स्वतःचं अंधूक प्रतिबिंब दिसत होतं, एक बाई, मग दुसरी बाई, मग तिसरी, सगळ्या तीच, आणि ती त्यांच्याकडे तोंडात बोट घालून बघत होती.

बाहेर गर्दीच्या मागे बस अडकली होती आणि तिच्यामागे आणखी चार गाड्या. एकाने हॉर्न वाजवला, तेव्हा बसचा ड्रायव्हरच खाली उतरून त्याला म्हणाला, "थांब की जरा." नर्सबाईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले होते. चष्मेवाल्या काकांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, आणि ते चष्म्याच्या काचेला दोष देत होते.

मालकीणबाई आतून, पाठीमागून बघत होत्या. रस्त्याला दिसत नव्हत्या त्या गाठी, त्या दुमडी, ती उलटी बटणं त्यांना दिसत होती. हमालाने विचारलं, "बाई, हे खोकं कुठे?"

"बाहेरच राहू द्या," त्या पुटपुटल्या. "आत नका आणू. थांबा जरा."

पोरगी म्हणाली, "पण बाई, पावती..."

"थांब म्हटलं ना!"

शेवटी काचताई दमली आणि चौथऱ्यावर बसली. टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. आधी एक लांब श्वास बाहेर पडल्यासारखा आवाज झाला, सगळ्या रस्त्याचा मिळून एक, आणि मग वाजल्या. गर्दीच्या पार मागे डेपोच्या नारिंगी गणवेशात दादा उभा होता, आंघोळ न केलेला, त्याच्या दोन्ही बाजूंना लोकांनी थोडी जागा सोडलेली.

संध्याकाळी तो जेवायला वर आला. बराच वेळ जेवत राहिला. मग म्हणाला, "तो विटकरी कोट छान दिसत होता तुला."

"कोट? कोट नव्हताच."

"होता गं. खांद्यावरून खाली आलेला."

"तो स्कर्ट होता, दादा."

"स्कर्ट?"

"उलटा. कमर गळ्यात अडकवून."

दादाचा घास हातातच राहिला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे पाहिलं, ज्या हाताने तो इतकी वर्षं बुलडोझरचा खटका ओढत आला होता. त्या दिवशी जाताना तो दार इतकं हळू लावून गेला की तिला कळलंही नाही.

पुढे सगळं गोडच झालं असं नाही. मालकीणबाईंनी अर्धा माल परत केला. वर्षाच्या आत दुकानाचा वरचा मजला सोडावा लागला. काउंटरवरची पोरगी दुसऱ्या, झगमगीत दुकानात गेली. जाताना काचताईच्या गळ्यात पडून रडली, आणि तिथेही पहिल्याच आठवड्यात स्वेटर उलटा घालून गेली म्हणून बोलणी खाल्ली. डोंगर तसूभरही उतरला नाही. दादा सांगायचा, ट्रक येतातच आहेत. पण गोण्या नेणारा कंत्राटदार त्या मागच्या दाराशी पुन्हा आला नाही, आणि खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला दोन शिलाई मशिनं बसली. लोक आत यायला लागले होते. मात्र विकत घ्यायला कमी, पिशवीत घरचे कपडे घेऊन जास्त. मालकीणबाई स्वतः शिवण उसवायला बसायच्या आणि कुणी किती दिवस टिकवलंय ते पाहून भुवया उंचवायच्या.

सगळ्यांत आधी आल्या त्या नर्सबाई. "माझ्या कपाटाचं दार लागत नाही," त्या म्हणाल्या, "आणि कुठे जायचं म्हटलं की घालायला काही नसतं. पिशवीत किती आणणार? तुम्हीच घरी चला."

काचताई गेली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. कपाटाचं दार उघडताच कपडे अंगावरच आले, आणि दोघींनी ते हातांवर झेलले. मग एक एक करून सगळे पलंगावर मांडले. पलंग भरला, खुर्ची भरली, खिडकीची कड भरली. दारात नर्सबाईंच्या सासूबाई येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय खूळ आता? दुकान मांडताय का?"

"बसा ना, आई," नर्सबाई म्हणाल्या.

काचताई पलंगाच्या कडेवर टेकली होती आणि समोर बघत होती. सहा कपड्यांनी तिला एवढं दाखवलं होतं. इथे किती होते? तिने मनात मांडायला सुरुवात केली, ह्याच्याशी ते, त्याच्याशी हे, मग हे तिन्ही मिळून, आणि थोड्याच वेळात तिचं डोकं गरगरलं. ह्या दोन खोल्यांत, लागत नसलेल्या एका दाराआड, एका बाईचं सगळं आयुष्य पुरून उरेल एवढं होतं, आणि ती बाई रोज सकाळी काही नाही म्हणून रडकुंडीला येत होती. अशी कपाटं ह्या इमारतीत किती? ह्या रस्त्यावर?

"काय झालं हो?" नर्सबाईंनी घाबरून विचारलं. "काहीच कामाचं नाही का?"

"थांबा," काचताई म्हणाली. तिने एक जुना, कॉलर विरलेला आकाशी शर्ट उचलला, आणि खुर्चीवरचा करडा झगा. "हा आत, हा वर. घाला बघू."

नर्सबाई आत जाऊन घालून आल्या. आरशापुढे उभ्या राहिल्या. एका अंगाला वळल्या, मग दुसऱ्या.

"हा नवा कधी घेतलास?" सासूबाई म्हणाल्या.

"नवा नाही हो. तुमच्या मुलाचा शर्ट आहे आतला. पोछा करायला ठेवला होता."

सासूबाई उठून जवळ आल्या. त्यांनी कॉलर बोटांत धरली, उलटी करून पाहिली, शिवण पाहिली. मग आत गेल्या, आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातांवर घडी घातलेलं, नॅफ्थलीनच्या वासाचं एक गर्द जांभळं जाकीट होतं.

"ह्याचं काय होईल का?" त्यांनी काचताईला विचारलं. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता.

काचताईने जाकीट दोन्ही हातांनी घेतलं आणि उजेडाकडे नेलं.